अक्कांनी संपवलेले सेल

आमच्या गल्लीत कोणी कोणाला काय मागावं याला धरबंध नव्हता. विरजण, साखर, पाट्याचा वरवंटा, पाहुणे आले की गादी, एकदा तर लग्नाला नेसायला माझी चांगली पैठणी. पण रेडिओचे सेल कोणी कधी मागितले नव्हते. वापरले की संपतात, ती वस्तू मागायची कशी, एवढी लाज जळगावातल्या मेहरूणच्या त्या गल्लीतही होती. ही लाज माझ्या नवऱ्याने घालवली. त्याने घरात चार्जिंगचे सेल आणले.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. माझं माहेर धुळ्याचं. लग्नाआधी तिथे सहा वर्षं गाणं शिकले, स्पर्धांमधून चार-दोन कप मिळवले, मग लग्न होऊन जळगावला आले आणि गाणं बंद पडलं. कोणी बंद केलं नाही. दोन मुलं, त्यांचे डबे, नळाची वेळ, फैजपूरकडून शेतातलं काही ना काही घेऊन येणारे सासरचे पाहुणे, यात ते आपोआप मागे पडलं. अकरा वर्षांनी, धाकटा शाळेत जायला लागल्यावर, मी रेडिओच्या आवाजचाचणीसाठी अर्ज केला. कोणाला न विचारता केला. भावगीत गाणारी म्हणून आपलं नाव एकदा रेडिओवरून ऐकायचं, एवढंच मनात होतं, आणि ते फार होतं.

सरावाला तंबोरा हवा. खरा तंबोरा ठेवायला घरात जागा नव्हती आणि तो लावून द्यायला माणूस नव्हता. म्हणून दिवाळीत तंबोऱ्याचं यंत्र घेतलं. पावाच्या लादीएवढा डबा, बटण दाबलं की आतून पंचम-षड्ज, पंचम-षड्ज असा सूर सुरू. लाइटवर चालायचं आणि चार मोठ्या सेलांवरही. मला दिवसात एकच वेळ मोकळी मिळायची, दुपारी दोन ते चार. मुलं शाळेत, नवरा त्याच शाळेत विज्ञान शिकवायला. आणि त्या वर्षी आमच्याकडे दुपारी दोन ते चार न चुकता लाइट जायची. जणू कोणी माझं वेळापत्रक बघून ठरवलं होतं. त्यामुळे सेलांशिवाय गत्यंतर नव्हतं.

साधे सेल पंधरा दिवस पुरायचे. तेही आम्ही खानदेशी पद्धतीने पुरवून वापरायचो. मरायला टेकलेला सेल गच्चीवर उन्हात ठेवायचा, दाताने चावून बघायचा, जागा बदलून पुन्हा घालायचा. गल्लीत प्रत्येक गच्चीवर पापडांच्या कडेला दोन-चार सेल वाळत पडलेले असायचे. माझा नवरा विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे त्याला हे बघवत नसे. "सेल म्हणजे काय कुरडई आहे?" असं तो वर्गात विचारायचा तसं घरात विचारायचा. संक्रांतीच्या सुमारास त्याने मुंबईहून येणाऱ्या कोणा मित्राकडून चार्जिंगचे चार सेल आणि चार्जर मागवला, आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

त्याचं एक व्याख्यान मला अजून पाठ आहे. साधा सेल मरत मरत जातो, रोज थोडा थोडा खाली उतरतो. हा मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत एकसारखा दाब देतो आणि मग एकदम बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो पूर्ण संपल्याशिवाय पुन्हा चार्ज करायचा नाही. अर्धवट संपलेला चार्ज केला तर त्याला अर्ध्याचीच सवय लागते. मी म्हटलं, "म्हणजे लाडावलेल्या मुलासारखा." तो म्हणाला, "तसंच समज, पण संपव."

आता मी दोन तास गायले की सेल अर्धेच संपायचे. उरलेले संपवायचे कसे? त्यावर या गृहस्थाने काय करावं? संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारच्या अक्कांना सांगितलं, "अक्का, आमचे हे सेल तुमच्या रेडिओत घालून संपवून देत जा. संपले तर आमचं कामच होईल."

अक्का पन्नाशीच्या पुढच्या, माहेर धरणगावचं, गल्लीतल्या बायकांचं एकमेव वरिष्ठ न्यायालय. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना, मी सतरंजी अंथरून बसतच होते, तोच त्या दारात उभ्या. हातात वाटी, वाटीत वांग्याचं भरीत.

"बाई, तुना त्या सेल देस का माले? मना रेडिओ मुका व्हई जायेल शे."

मी म्हटलं, "अक्का, मी आता गायला बसतेय. चारला न्या ना."

"आते बायांना कार्यक्रम लागस. तुले काय, परत भरी लेशी."

भरीत माझ्या ताटलीत काढलं गेलं आणि त्याच वाटीत माझे चार सेल निघून गेले. मी नाही म्हणू शकले नाही. आमच्याकडे वाटी भरून आणणाऱ्या बाईला नाही म्हणत नाहीत. संध्याकाळी सेल परत आले, पूर्ण संपलेले, आणि सोबत कळण्याची भाकरी, कारण "रिकामी वाटी देवानी नही, बाई." वाटी रिकामी द्यायची नाही, हा नियम अक्का मरेपर्यंत पाळणार होत्या. सेल रिकामे देऊ नयेत असा नियम मात्र कोणी केलेला नव्हता. सेलांच्या टोकांना भरिताचं तेल लागलं होतं ते मी पदराने पुसलं, आणि नवऱ्याने रात्रभर चार्जिंगला लावताना "बघ, किती छान संपवलेत" असं कौतुक केलं.

मग हे रोजचंच झालं. एक दिवस अक्का, एक दिवस समोरची, एक दिवस कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी. कोणाचा रेडिओ, कोणाची टॉर्च, कोणाच्या नातवाची मोटार. प्रत्येकीची वेळ मात्र दोनला पाच कमी. चार वाजता कोणाला सेल लागत नसत, सकाळी लागत नसत. आणि प्रत्येकीच्या हातात वाटी. शेवभाजी, भगर, केळफुलाची भाजी, एकीने तर चिक्की आणली. मी त्या दोन महिन्यांत गाणं सोडून सगळं केलं आणि वजन वाढवलं. साध्या सेलांच्या काळात मला पंधरा दिवसांतून पाच-सहा तरी चांगले दिवस मिळायचे. विशेषतः सेल जुने झाले की माझा गळा इतका सुंदर लागायचा की मला वाटायचं, रियाज मुरतोय. चार्जिंगचे सेल आल्यापासून ते कधीच झालं नाही. ज्या दिवशी सेल घरात असायचे त्या दिवशी तासाभरात गळा बसायचा. त्याचाही राग मी शेजारणींवरच काढला. रोज बसायलाच मिळालं नाही तर गळा तयार व्हायचा कसा?

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. त्याला सा आणि रे यांतला फरक कळत नाही, हे तो अभिमानाने सांगतो. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अहो, सेल माझ्यासाठी आणलेत की गल्लीसाठी?" तर म्हणाला, "तुझ्यासाठीच. म्हणून तर त्यांची काळजी घेतोय." या माणसाने माझ्या गळ्याची अर्धी जरी काळजी घेतली असती तरी मी त्याला देव्हाऱ्यात बसवला असता.

फाल्गुनात पत्र आलं. चाचणीला बोलावलं होतं, तीन आठवड्यांनी. त्या रात्री मी जेवताना जाहीर केलं की आता कोणालाही सेल मिळणार नाहीत. नवऱ्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तोच समोरच्या घरी सेल देऊन गेला, कारण ते "पाऊण संपलेले" होते आणि त्याला बघवेना.

मग मी चोरी केली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गाण्यासाठी, बाजारातून चार साधे सेल आणले आणि ज्वारीच्या कोठीत लपवले. पहिल्या दिवशी तासभर निर्धास्त गायले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नवरा काही कागद विसरला म्हणून घरी आला आणि यंत्राचं मागचं झाकण उघडं बघून थबकला. मी दुसरा पुरुष घरात ठेवला असता तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता. "साधे सेल?" एवढंच म्हणाला. संध्याकाळी ते चार सेल शाळेच्या प्रयोगशाळेत जमा झाले. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलांचे डबे कोण करणार म्हणून बोलले.

चाचणीला आठ दिवस उरले असताना अक्का पुन्हा आल्या. मी आंघोळीला गेले होते तेव्हा त्या येऊन, यंत्राचं झाकण स्वतः उघडून, सेल घेऊन गेल्या. जागेवर वाटी ठेवून गेल्या. वाटीत खीर होती. ती खीर बघितली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओल्या केसांनीच मी त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत अक्का भिंतीला टेकून विळीवर भेंडी चिरत होत्या. त्यांचा रेडिओ फळीवर होता, बंद. आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात शेतात न्यायची ती चार सेलांची लांबडी टॉर्च आडवी ठेवलेली होती, भर दुपारी, भिंतीकडे तोंड करून, जळत. वरून तिच्यावर चाळण पालथी घातली होती. माझे सेल भिंतीला उजेड दाखवत होते.

मी काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण गल्लीतली एक-दोन दारं उघडली इतपत बोलले. अकरा वर्षांनी मला काहीतरी स्वतःचं करायचं होतं, आठ दिवसांवर परीक्षा आली होती आणि तुम्ही माझे सेल कोनाड्यात जाळताय. का? मी तुमचं काय वाकडं केलं?

अक्कांनी विळी मिटली. टॉर्च बंद केली. मग मला बस म्हणाल्या नाहीत, तरी मी बसले.

"आते तू देखीच लिधं तर सांगस," त्या म्हणाल्या. "तुना गळा वंगाळ नही, बाई. गोड शे. पन तू भलती वर गास. तठे जाईसन तुना गळा फाटस, नि भितना आड बशीसन मना गळा दुखस."

मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलं? दिवाळीपासून गातेय मी."

"पहिले तुना साधा सेल व्हतात ना, तव्हय आठ-दहा दिन तू वरडे. मंग तो डबा हळूहळू खाले ये, नि तूबी त्यानासंगे खाले ये. मंग काय गोड गाये! आम्ही बठ्ठा बाया वटावर बशीसन आयकूत. आते ह्या नव्या सेल उनात, नि डबा खालेच ये नही."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी अक्कांकडे नाही, जमिनीकडे बघत होते.

यंत्राला पट्टी लावायची एक खुंटी होती. नवे सेल घातले की नवरा माझ्या जुन्या हार्मोनियमवर एक सूर धरायचा, तिचा भाता फाटका होता पण एका सुरापुरती चालायची, आणि मी खुंटी फिरवून यंत्र काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरावर, लावायचे. काळी पाच ही बाईच्या गळ्यालाही उंचच. धुळ्याला मी काळी पाचमध्ये गायचे. आमच्या गुरुजींनी अठराव्या वर्षी मला तिथे बसवलं होतं आणि "हिचा गळा काळी पाचचा" असं चार माणसांत सांगितलं होतं. ते माझ्या कपाळावर कोरल्यासारखं मी धरून होते. साधे सेल जसे दमायचे तसं यंत्र खाली उतरायचं, रोज केसाएवढं, आणि मला पत्ता न लागता माझा गळाही त्याच्या मागे खाली येऊन जिथे खरा राहतो तिथे पोचायचा. त्यालाच मी रियाज मुरला म्हणत होते. नव्या सेलांनी खाली यायचं नाकारलं. नवऱ्याचं व्याख्यान अगदी खरं होतं, शेवटपर्यंत एकसारखा दाब. मी आठवड्यामागून आठवडे त्या दाबाखाली वर ताणून उभी होते. आणि गल्लीतल्या चार बायकांनी पाळ्या लावून, ती दुपार तरी टळावी आणि सेल दमून डबा पुन्हा खाली यावा म्हणून, मला तिथून खाली उतरवायचा प्रयत्न चालवला होता.

"तोंडावर सांगायचं होतं ना, अक्का," मी म्हटलं.

"कसं सांगवानं? गानारी बाईले कोनी सांगस का, व माय, तू खाले गाय म्हनीसन?"

मला हसू आलं नाही. खूप लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, आणि राग कोणावर काढावा हे कळेना. नवऱ्यावर काढावा तर त्याला काहीच कळत नव्हतं. अक्कांवर काढावा तर त्यांनी दोन महिने मला खाऊ घातलं होतं. गुरुजी कधीच वारले होते. शेवटी मी माझे चार सेल टॉर्चमधून काढून घेतले आणि घरी आले. खीर मी खाल्ली नाही. संध्याकाळी मुलांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी खुंटी खाली आणली. पांढरी पाच. ऐकायला दीड सुराचा फरक, पण तो करायला मला अर्धा तास लागला. खुंटी फिरवायची, पुन्हा वर न्यायची, पुन्हा खाली. धुळ्याच्या त्या खोलीतली अठरा वर्षांची मुलगी समोर बसून माझ्याकडे बघतेय असं वाटत होतं, आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. दोन बाळंतपणं झाली, रोज उठून नळावर ओरडले, मुलांवर ओरडले, गळा जाडा झाला. हे सगळं मला माहीत होतं. फक्त कबूल करायचं नव्हतं. मग गायले, आणि गळा बसला नाही. चार वाजेपर्यंत कोणी वाटी घेऊन आलं नाही. आठही दिवस कोणी आलं नाही. सेल माझ्याच यंत्रात संपले, पूर्ण, आणि नवऱ्याला वाटलं की त्याच्या सांगण्याचा शेवटी उपयोग झाला. मी त्याची समजूत काढायच्या भानगडीत पडले नाही.

चाचणीच्या दिवशी छोट्या खोलीत मला बसवलं. काचेच्या पलीकडे ऐकणारी माणसं होती, ती दिसत नव्हती. हार्मोनियमवाले गृहस्थ पेंगुळलेले होते, सकाळपासून माझ्यासारख्या बऱ्याच जणी येऊन गेल्या असाव्यात.

"ताई, पट्टी?"

आठ दिवस पांढरी पाचमध्ये गाऊनही माझ्या जिभेवर काळी पाचच आली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा बाहेरचं कोणीतरी मला हा प्रश्न विचारत होतं, आणि त्याचं उत्तर म्हणून मला माझं जुनं नाव सांगायचं होतं. त्यांनी मान वर करून पुन्हा विचारलं.

"पांढरी पाच," मी म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि न बघता सूर धरला. ना आश्चर्य, ना कीव. मी पास झाले ते पुढे पत्राने कळलं, पण खोलीतून बाहेर पडताना माझ्या डोक्यात ते नव्हतंच. काळी पाच तिथे कोणी मागितलीच नव्हती. इतकी वर्षं ती एकटी मीच मागत होते.